आत्म्याची दिनदर्शिका आणि ख्रिस्तसभेचे उपासना वर्ष

आगमनकाळ जवळ आला की नव्या वर्षाच्या दिनदर्शिका घरोघरी येऊ लागतात. धर्मग्रामाची दिनदर्शिका भिंतीवर लागते, सण आणि उपवासाचे दिवस पाहिले जातात, घरातील लग्नकार्याच्या तारखा त्यांच्याशी ताडून घेतल्या जातात. याच सुमारास काही भाविकांच्या हाती आणखी एका प्रकारची दिनदर्शिका येते. तिच्यात प्रत्येक आठवड्यासाठी एक मनन असते, प्रत्येक ऋतूसाठी एक साधना असते. तिच्यात ईस्टर असतो, नाताळ असतो, योहान बाप्तिस्माचा सण आणि मुख्य देवदूत मिखाएल यांचा सणही असतो. भाषा शांत, गंभीर आणि आध्यात्मिक असते. साहजिकच प्रश्न पडतो : हे तर आपलेच सण आहेत, मग ही साधना कॅथलिक भाविकाने करावयास काय हरकत आहे?

प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचे उत्तर केवळ ‘करू नका’ या दोन शब्दांत देणे योग्य होणार नाही. ही साधना काय आहे आणि तिच्यामागे कोणती शिकवण उभी आहे, हे आधी नीट समजून घेऊ या.

बावन्न आठवड्यांची मनने

अशा दिनदर्शिकांमध्ये सर्वांत प्रसिद्ध आहे ती रुडॉल्फ स्टायनर यांची ‘आत्म्याची दिनदर्शिका’. स्टायनर यांचा जन्म 1861 साली तेव्हाच्या ऑस्ट्रियन साम्राज्यात, आजच्या क्रोएशियातील एका गावी झाला. त्यांचा बाप्तिस्मा कॅथलिक ख्रिस्तसभेत झाला होता. 1902 साली ते थिऑसॉफिकल सोसायटीच्या जर्मन शाखेचे प्रमुख झाले. पुढे जे. कृष्णमूर्ती यांना जगद्गुरू म्हणून पुढे आणण्यावरून मतभेद झाले आणि 1912 च्या अखेरीस स्टायनर यांच्या अनुयायांनी ‘अँथ्रॉपॉसॉफिकल सोसायटी’ स्थापन केली. वॉल्डॉर्फ पद्धतीच्या शाळा (1919) आणि बायोडायनॅमिक शेती (1924) यांचा उगम त्यांच्याच विचारांत आहे. 1925 साली स्वित्झर्लंडमधील डॉर्नाख येथे त्यांचे निधन झाले.

‘आत्म्याची दिनदर्शिका’ प्रथम 1912 च्या ईस्टरला प्रसिद्ध झाली. तिच्यात 52 लहान मनने आहेत. वर्षाचा आरंभ 1 जानेवारीला नव्हे, तर ईस्टरला होतो. साधकाने आठवडाभर एकच मनन मनात घोळवावयाचे आणि निसर्गात होणारा बदल व आपल्या अंतःकरणातील बदल यांचा मेळ पाहावयाचा, अशी ही पद्धत आहे. वसंत आणि ग्रीष्म ऋतूंत आत्मा इंद्रियांच्या द्वारे बाहेरच्या जगात पसरतो. शरद आणि शिशिर ऋतूंत तो पुन्हा आत वळतो आणि स्वतःला ओळखतो. स्टायनर यांनी 1923 मधील व्याख्यानांत या क्रमाला पृथ्वीच्या श्वासोच्छ्वासाची उपमा दिली : उन्हाळ्यात पृथ्वी श्वास बाहेर सोडते, हिवाळ्यात तो आत घेते. वर्षाच्या एका टोकाचे मनन दुसऱ्या टोकाच्या मननाशी जोडलेले असते. बारावे मनन योहानाच्या सणाचे, सव्विसावे मिखाएलच्या सणाचे आणि अडतिसावे नाताळचे आहे.

या रचनेत एक अडचण मात्र पहिल्यापासून आहे. एका ईस्टरपासून दुसऱ्या ईस्टरपर्यंतचे अंतर कधी 50, तर कधी 55 आठवड्यांचे असते. त्यामुळे काही मनने कधी गाळावी लागतात, तर कधी पुन्हा घ्यावी लागतात. शिवाय ही मनने युरोपच्या ऋतूंवर बेतलेली आहेत. दक्षिण गोलार्धात ईस्टर शरद ऋतूत येतो. म्हणून तेथील अनेक साधक क्रम उलटा फिरवून घेतात. ही अडचण आपण लक्षात ठेवू या, कारण पुढे तिचा उपयोग होणार आहे.

या वाटेचे मूळ

थिऑसॉफीचा आपल्या भूमीशी निकटचा संबंध आहे. 1875 मध्ये न्यूयॉर्क येथे सोसायटी स्थापन करणाऱ्या मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट 1879 च्या फेब्रुवारीत मुंबईस आले आणि ‘द थिऑसॉफिस्ट’ हे त्यांचे मासिक त्याच वर्षी मुंबईतून निघू लागले. 1882 मध्ये मुख्यालय मद्रासजवळ अड्यार येथे गेले. स्टायनर त्या चळवळीतून बाहेर पडले, तरी पुनर्जन्म आणि कर्म यांची शिकवण त्यांनी कायम ठेवली.

‘नॉसिस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ ज्ञान. दुसऱ्या शतकात ज्यांना नॉस्टिक अथवा ज्ञानवादी म्हटले गेले, त्यांच्या अनेक शाखा होत्या. तारण श्रद्धेने आणि कृपेने नव्हे, तर काही निवडक जनांना मिळणाऱ्या गुप्त ज्ञानाने होते, हा त्यांच्यातील समान धागा होता. अनेकांना देह आणि भौतिक सृष्टी म्हणजे आत्म्याचा तुरुंग वाटे. 1945 साली इजिप्तमधील नाग हम्मादी गावाजवळ त्यांच्या लिखाणाचे तेरा हस्तलिखित ग्रंथ सापडले आणि ही मते त्यांच्याच शब्दांत वाचावयास मिळाली.

स्टायनर यांना न्याय देऊन हे सांगितले पाहिजे की, त्यांनी सृष्टीचा तिरस्कार केला नाही. निसर्गाविषयी त्यांच्या लेखनात आदर आहे. तरीही ख्रिस्ताविषयीची त्यांची शिकवण प्राचीन ज्ञानवाद्यांच्या फार जवळ जाते. त्यांच्या मते ‘ख्रिस्त’ ही विश्वातील एक आध्यात्मिक शक्ती असून ती यार्देन नदीतील बाप्तिस्म्याच्या वेळी येशू नावाच्या मनुष्यात उतरली. म्हणून 6 जानेवारी हाच त्यांच्या दृष्टीने ख्रिस्ताच्या जन्माचा खरा दिवस ठरतो. अलेक्झांड्रियाचे क्लेमेंट यांनी नोंदविले आहे की, बासिलिदिस या ज्ञानवादी गुरूचे अनुयायी येशूच्या बाप्तिस्म्याचा दिवस साजरा करीत आणि आदली रात्र वाचनात घालवीत. त्यांच्यातील काहींची तारीख आजच्या हिशेबाने 6 जानेवारी, तर काहींची 10 जानेवारी येते. तो सण पाळण्यामागे हाच विचार दिसतो की, बेथलेहेमच्या गव्हाणीतील बाळ अजून ख्रिस्त नव्हता.

दुसऱ्या शतकातील वर्षाचा वाद

वर्ष आणि महिने यांना गुप्त अर्थ देण्याची सवयही जुनीच आहे. लियॉनचे बिशप संत इरेनियस यांनी 180 च्या सुमारास पाखंडी मतांविरुद्ध पाच ग्रंथ लिहिले. त्यांत ते सांगतात की, व्हॅलेंटिनसचे अनुयायी तीस दैवी सत्ता मानीत आणि येशूच्या अज्ञातवासातील तीस वर्षे ही त्यांचीच खूण समजत. येशूचे सार्वजनिक कार्य केवळ एक वर्ष चालले आणि बाराव्या महिन्यात त्याने दुःख सोसले, असेही ते शिकवीत. कारण बारा महिन्यांचे वर्तुळ त्यांच्या आकृतीत नेमके बसत असे.

इरेनियस यांचे उत्तर अगदी साधे आहे. योहानाचे शुभवर्तमान उघडा आणि येशू वल्हांडण सणासाठी किती वेळा यरुशलेमेस गेला ते मोजा. ते स्वतः तीन वेळा मोजतात. म्हणजे एका वर्षाचा हिशेब जुळत नाही. घडलेली घटना आकृतीत बसत नसेल, तर आकृती चुकीची आहे. घटना कापून तिच्यात बसवावयाची नाही. या एका युक्तिवादात आपल्या आजच्या प्रश्नाचेही उत्तर आहे. 2022 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी संत इरेनियस यांना ख्रिस्तसभेचे आचार्यपद बहाल केले, ते ‘ऐक्याचे आचार्य’ या नावाने.

आपले उपासना वर्ष काय सांगते?

ख्रिस्तसभेनेही सूर्यचंद्रांकडे पाठ फिरविलेली नाही. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतर येणारा रविवार हा ईस्टर. पूर्वी वर्षातून चार वेळा, प्रत्येक ऋतूत बुधवार, शुक्रवार आणि शनिवार असे तीन दिवस उपवास व प्रार्थना करण्याची प्रथा होती. आपल्या मुलखात गोव्यात ऑगस्टमध्ये नव्या कणसांचे फेस्त होते आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन समाजात ऑक्टोबरच्या आरंभी आगेरा साजरा होतो. नव्या पिकाला धर्मगुरू आशीर्वाद देतात आणि आपण देणाऱ्याचे आभार मानतो.

परंतु ऋतू हा आपल्या सणांचा आशय नव्हे. 24 जूनचा योहान बाप्तिस्माचा सण पाहा. युरोपात तो भर उन्हाळ्यातील सर्वांत मोठ्या दिवसांचा सण आहे. गोव्यात तोच सांजांव भर पावसात येतो; तरुण डोक्यावर पानाफुलांची कोपेल घालून तुडुंब भरलेल्या विहिरींत उड्या मारतात आणि एलिझाबेथच्या उदरात उडी मारणाऱ्या बाळाची आठवण करतात. ऋतू बदलला, पण सणाचा अर्थ बदलला नाही. वसईत ईस्टर उन्हाच्या तापात येतो, ऑस्ट्रेलियात पाने गळू लागतात तेव्हा येतो. तरीही कोणाला सणांचा क्रम उलटा फिरवावा लागत नाही. कारण ईस्टर म्हणजे वसंताचे रूपक नव्हे. पंतय पिलाताच्या कारकिर्दीत एका माणसाला वधस्तंभी खिळले गेले आणि तिसऱ्या दिवशी त्याची कबर रिकामी आढळली, ही घडलेली गोष्ट आहे. म्हणूनच आपल्या मतांगिकारात एका रोमन सुभेदाराचे नाव येते.

संत पौलानेही गलतीकरांना दिवस, महिने, ऋतू आणि वर्षे पाळण्याच्या बंधनात पुन्हा अडकू नका, असा इशारा दिला होता (गलती 4:10). त्याच अध्यायात थोडे आधी तो सांगतो की, काळाची पूर्णता झाली तेव्हा देवाने आपल्या पुत्राला पाठविले आणि तो स्त्रीपासून जन्मला. काळाला पवित्र करणारा तो पुत्र आहे. काळाच्या चक्राने त्याला घडविलेले नाही.

मुख्य देवदूतांविषयी

स्टायनर यांच्या शिकवणीत चार ऋतूंना चार मुख्य देवदूत नेमलेले आहेत : वसंताला राफाएल, ग्रीष्माला उरिएल, शरदाला मिखाएल आणि हिवाळ्याला गब्रिएल. ही योजना मनाला मोहविते. परंतु कॅथलिक बायबलमध्ये मिखाएल, गब्रिएल आणि राफाएल ही तीनच नावे येतात. 745 साली पोप जखऱ्या यांच्या काळात रोम येथे भरलेल्या धर्मसभेने उरिएल आणि इतर नावांनी देवदूतांचा धावा करणारी प्रार्थना नाकारली. 2001 साली व्हॅटिकनने लोकभक्तीविषयी दिलेल्या मार्गदर्शनातही या तीन नावांखेरीज देवदूतांना नावे देण्याची प्रथा अमान्य केली आहे. आपण 29 सप्टेंबरला या तिघांचा सण एकत्र साजरा करतो, तो ते देवाचे सेवक आणि दूत आहेत म्हणून. ऋतूंचे अधिपती म्हणून नव्हे.

काय घ्यावे, काय टाळावे?

थिऑसॉफीची शिकवण कॅथलिक श्रद्धेशी जुळत नाही, असा निर्णय व्हॅटिकनने 1919 च्या जुलैमध्ये दिला आणि भाविकांना अशा संस्थांचे सभासद होण्यास मनाई केली. 15 ऑक्टोबर 1989 रोजी ख्रिस्ती ध्यानाविषयी जगातील बिशपांना पाठविलेल्या पत्रात जुन्या ज्ञानवादाचा मोह नव्या रूपात येऊ शकतो, असे सांगितले आहे. त्याच पत्रात इतर धर्मांतील ध्यानपद्धतींतून उपयुक्त ते घेता येते, मात्र ख्रिस्ती प्रार्थनेचे स्वरूप बदलता कामा नये, असेही म्हटले आहे. 2003 च्या ‘न्यू एज’विषयक पत्रकात अँथ्रॉपॉसॉफीचा उल्लेख आहे. 2018 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी आजच्या ज्ञानवादाविषयी पुन्हा सावध केले : देह नसलेला ख्रिस्त आणि शेजारी नसलेली भक्ती ही त्याची लक्षणे होत.

यावरून भाविकाने कोणालाही तुच्छ लेखू नये. जो मनुष्य रोज दहा मिनिटे शांत बसतो, आठवडाभर एकच विचार मनात धरतो, झाडाच्या पालवीकडे लक्षपूर्वक पाहतो, त्याच्याकडून शिकण्यासारखे बरेच आहे. आपण रविवारचे शुभवर्तमान मंदिराबाहेर पडताना विसरतो, ही आपली उणीव आहे. शांततेची भूक घरात भागत नाही, तेव्हा माणसे ती बाहेर शोधतात.

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. येत्या रविवारचे शुभवर्तमान सोमवारीच उघडावे आणि त्यातील एकच वाक्य आठवडाभर मनात वागवावे. रात्री निजण्यापूर्वी संत इग्नासिअस लोयोला यांच्या पद्धतीने दिवसाचे परीक्षण करावे : कृपेबद्दल आभार, चुकांबद्दल क्षमायाचना, उद्यासाठी निश्चय. पहिला पाऊस पडला, पेरणी झाली, नवा भात घरात आला की कुटुंबाने मिळून एक स्तोत्र म्हणावे. आगमनकाळ आणि उपवासकाळ यांत रोज थोडा वेळ मौन पाळावे आणि त्या मौनातून उठून एखाद्या आजाऱ्याच्या घरी जावे. ज्ञानवादी वाट आणि ख्रिस्ताची वाट यांतील फरक बहुधा तेथेच कळतो.

एखाद्या मित्राने किंवा नातेवाइकाने अशी दिनदर्शिका प्रेमाने दिली असेल, तर प्रेमानेच बोलावे. बेथलेहेमला जन्मलेला बाळ पहिल्या क्षणापासूनच देवाचा पुत्र आहे का, एवढा एक प्रश्न त्या पुस्तकाला विचारून पाहावा. उत्तर ‘नाही’ असेल, तर त्यात लिहिलेला नाताळ आपला नाताळ नव्हे.

शब्द देही झाला आणि आमच्यासारखाच उन्हापावसात, सणवारांत वाढला. त्याच्या सोबतीने आपले प्रत्येक वर्ष तारणाचे वर्ष होवो, हीच प्रार्थना.