सी. व्ही. कुलकर्णी

डॉ. सी. व्ही. कुलकर्णी हे भारतीय मत्स्यशास्त्रज्ञ आणि महाराष्ट्र राज्याचे माजी मत्स्यव्यवसाय संचालक होते. पश्चिम किनाऱ्यावरील खाड्यांमधील माशांच्या अभ्यासापासून सुरू झालेले त्यांचे संशोधन पुढे मावळ तालुक्यातील लोणावळा येथे महसीर माशाच्या कृत्रिम प्रजननापर्यंत पोहोचले. महसीर संवर्धनाच्या भारतातील इतिहासात या कामाला मूलभूत स्थान आहे. मात्र त्याचा एक परिणाम वादग्रस्तही ठरला आहे.

आरंभीचे संशोधन

१९४० मध्ये कुलकर्णी यांनी ‘रेकॉर्ड्‌स ऑफ द इंडियन म्युझियम’ या नियतकालिकात मुंबई प्रांतातील एका चिमुकल्या, पारदर्शक माशाचे वर्णन प्रसिद्ध केले. निमखाऱ्या पाण्यात राहणाऱ्या या माशासाठी त्यांनी होराइक्थिस ही नवी प्रजाती आणि एक नवे कुलही प्रस्थापित केले. होराइक्थिस सेटनाय या नावात सुंदरलाल होरा आणि एस. बी. सेटना या दोन मत्स्यशास्त्रज्ञांचा गौरव आहे. या माशाच्या नराचा गुदद्वारामागील पर विशेष रूपांतरित झालेला असतो व त्याच्या साहाय्याने तो शुक्राणूंचे पुडके मादीला चिकटवतो. मादी फलित अंडीच बाहेर टाकते. आज या माशाचा समावेश ओरायझियास या प्रजातीत केला जातो. कुलकर्णी यांनी दिलेले जातिनाम मात्र टिकून आहे.

१९५० मध्ये त्यांनी नर्मदा नदीतील हिलसा माशाच्या प्रजननाचा व अंड्यांच्या वाढीचा अभ्यास प्रसिद्ध केला. हिलसा समुद्रातून नदीत चढून अंडी घालतो. मासा अंडी कोठे, केव्हा व कोणत्या पाण्यात घालतो, हा प्रश्न त्यांच्या पुढील कामाच्याही मुळाशी राहिला.

लोणावळ्यातील कार्य

दख्खनी महसीर (टॉर खुद्री) या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन कर्नल विल्यम साइक्स यांनी १८३९ मध्ये पुणे परिसरातील मुळा-मुठेतील नमुन्यांवरून केले होते. धरणे, प्रदूषण व बेसुमार मासेमारी यांमुळे विसाव्या शतकात हा मासा घटत गेला. इंद्रायणीच्या उगमाकडील भागात टाटांच्या जलविद्युत प्रकल्पासाठी बांधलेल्या वलवणसारख्या तलावांत तो टिकून होता. धरणांमुळे संकटात आलेल्या माशाची पैदास धरणाच्याच काठी सुरू व्हावी, हा योगायोग लक्षणीय आहे.

१९७१ मध्ये कुलकर्णी यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये टॉर खुद्रीच्या अंडी घालण्याच्या सवयी व आरंभीची वाढ यांवर निबंध प्रसिद्ध केला. याच सुमारास टाटा इलेक्ट्रिक कंपन्यांच्या (सध्याची टाटा पॉवर) लोणावळा येथील मत्स्यबीज केंद्रात त्यांनी एस. एन. ओगले यांच्यासह प्रजननाचे प्रयोग हाती घेतले. पावसाळ्यात पकडलेल्या पक्व मादीचे पोट हलक्या हाताने दाबून अंडी काढली जात व त्यांत नराचे शुक्रद्रव्य मिसळले जाई. महसीरची अंडी जड असल्याने तळाशी बसतात, आणि कटला किंवा रोहूच्या तुलनेत त्यांची संख्या बरीच कमी असते. त्यामुळे प्रत्येक अंडे वाचवणे महत्त्वाचे ठरते. फलित अंडी ओल्या कापसात ठेवून दूरवर पाठविण्याची पद्धतही या दोघांनी विकसित केली. १९७८ मध्ये त्यांनी महसीरची सद्यःस्थिती व कृत्रिम पैदास यांवर संयुक्त निबंध लिहिला.

प्रभाव आणि टीका

लोणावळ्यातील बोटुकली देशातील अनेक जलाशयांत व नद्यांत सोडण्यात आली. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत पूर्वी ‘संकटग्रस्त’ असलेली टॉर खुद्री आता ‘किमान चिंता’ या वर्गात आहे. हे सर्वस्वी या केंद्राचे यश मानता येणार नाही, तरी त्याचा वाटा नाकारता येत नाही.

याच प्रसाराची दुसरी बाजू कावेरी नदीत दिसून आली. तेथे १९७० च्या दशकानंतर गळाने मासेमारी करणाऱ्यांच्या पुढाकाराने ही मूळची नसलेली जाती सोडण्यात आली. पिंडर, राघवन व ब्रिटन या संशोधकांनी २०१५ मध्ये १९९८ ते २०१२ या काळातील गळाच्या मासेमारीच्या नोंदी तपासल्या. त्यांत टॉर खुद्रीची संख्या वाढत असताना कावेरी खोऱ्यातील स्थानिक कुबडा महसीर झपाट्याने घटल्याचे आढळले. कुबड्या महसीरची टॉर रेमादेवी ही शास्त्रीय ओळख २०१८ मध्ये निश्चित झाली आणि त्याच वर्षी त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गात झाली. कावेरीत बोटुकली सोडण्यास प्रारंभ झाला तेव्हा या माशाला सर्वमान्य शास्त्रीय नावही नव्हते.