भोंग्यांनंतरचं इंदूर

इंदूरच्या हुकुमचंद मिलच्या कामगारांची थकलेली देणी भागवण्यासाठी 25 डिसेंबर 2023 रोजी 224 कोटींचा धनादेश निघाला. मिल बंद पडली होती 12 डिसेंबर 1991 ला. तेव्हाच्या 5,895 कामगारांपैकी दोन हजारांहून अधिक मधल्या काळात वारले. मालवा मिल, परदेशीपुरा, पाटनीपुरा या शहरातल्या गिरणी-पट्ट्याच्या पुनरुज्जीवनाबद्दल बोलायचं, तर आधी हा हिशेब समोर ठेवावा लागतो.

हा पट्टा वसला तो होळकरांच्या धोरणामुळे. दुसऱ्या तुकोजीरावांनी संस्थानाची कापडगिरणी काढली आणि खांडव्याहून रेल्वे यावी म्हणून इंग्रज सरकारला 1 कोटी रुपये कर्ज दिलं. माळव्याचा कापूस दाराशीच होता. पुढे मालवा, हुकुमचंद, स्वदेशी, राजकुमार, कल्याणमल, भंडारी अशा गिरण्या उभ्या राहिल्या. 1962 साली कामगारनेते होमी दाजी इथूनच लोकसभेवर निवडून गेले.

जुनाट यंत्रं, यंत्रमागांची स्पर्धा, वाढता तोटा. नव्वदच्या दशकापासून गिरण्यांचे भोंगे एकेक करून बंद झाले.

झाँक्या मात्र थांबल्या नाहीत. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांचे रोषणाईतले हलते देखावे निघतात, सोबत आखाडे असतात आणि शहर पहाटेपर्यंत रस्त्यावर जागतं. हुकुमचंद मिलपासून सुरू झालेल्या या प्रथेला आता शंभर वर्षं झाली. पगार बंद झालेल्या माणसांनी वर्गणी गोळा करून, महापालिका आणि विकास प्राधिकरणाची मदत मिळवून ती टिकवली. माझ्या मते या भागाला जिवंत ठेवलं ते त्यांनी. सरकारी आराखडे फार नंतर आले.

देणी भागवण्याच्या बदल्यात हुकुमचंद मिलची सुमारे 42 एकर जमीन सरकारकडे आली असून तिथे घरं आणि व्यापारी संकुलं व्हायची आहेत. बंद आवारात आपसूक वाढलेली झाडी वाचवा, असा आग्रह इंदूरकरांनी धरला आहे आणि तो रास्तच आहे. मुंबईच्या गिरणगावात गिरण्यांच्या जमिनींबाबतच्या 2001 च्या नियमबदलानंतर मोकळ्या जागेचा आणि परवडणाऱ्या घरांचा वाटा कसा आक्रसला, ते आपण पाहिलं आहे. इंदूरने तरी आराखड्यात दोन गोष्टी आत्ताच लिहून घ्याव्यात: झाडीला हात लावायचा नाही आणि झाँक्या बांधायला कामगारांना हक्काची, कायमची शेड द्यायची. इमारती त्यानंतर आखाव्यात.