गोड ठेका, कडू गाऱ्हाणं

मे २०२५मध्ये अमेरिकेतल्या बिलबोर्ड २०० या अल्बमच्या यादीत दोन आठवड्यांच्या अंतराने दोन मुखवटेधारी बँड पहिल्या क्रमांकावर पोचले. आधी स्वीडनच्या घोस्टचा ‘स्केलेटा’ आणि मग लंडनच्या स्लीप टोकनचा ‘ईव्हन इन आर्केडिया’. घोस्टचं संगीत जुन्या हार्ड रॉकच्या ओळखीच्या वाटेने जातं. स्लीप टोकनचं प्रकरण वेगळं आहे. ९ मे रोजी आलेल्या त्यांच्या या चौथ्या अल्बमवर आरसीए या बड्या कंपनीचा शिक्का प्रथमच उमटला. त्यातल्या दहा गाण्यांत मेटलच्या खर्जातल्या गिटारींबरोबर ट्रॅपचे इलेक्ट्रॉनिक ठेके, आर अँड बीचं मुलायम गाणं, रेगेटॉन आणि सॅक्सोफोनही आहे. मेटलच्या कट्टर चाहत्यांपैकी अनेकांना ही खिचडी वाटली, काही समीक्षकांना बाजारासाठी केलेली तडजोड वाटली. या अल्बममध्ये गोड आणि जड संगीत एकत्र येण्यामागे एक आतलं कारण आहे, आणि ते कारण मुखवट्यातच दडलेलं आहे, असं मला वाटतं.

२०१६ साली सुरू झालेल्या या बँडमधले वादक आपली नावं सांगत नाहीत. गायक ‘व्हेसल’, म्हणजे पात्र. इतर तिघे नुसते रोमन आकडे, दोन, तीन आणि चार. ‘स्लीप’ नावाच्या एका प्राचीन शक्तीला आपण गाणी वाहतो, अशी त्यांनी रचलेली कथा. त्यामुळे गाण्यातली ‘तू’ म्हणजे प्रेयसी की देवता, हे बहुतेक वेळा ठरवता येत नाही. विराणी ऐकलेल्या मराठी कानाला ही संदिग्धता परकी वाटायची नाही. पण या कथेचा खरा उपयोग वेगळाच झाला. मेटलच्या गायकाने कणखर, संतापी दिसावं अशी अपेक्षा असते. चेहरा झाकलेला असल्यामुळे व्हेसलला रडवेलं, लाचार, शृंगारिक, काहीही होता आलं. आणि या प्रत्येक भावासाठी मेटलकडे सूर नव्हता, म्हणून तो पॉपकडे, आर अँड बीकडे गेला.

‘मोठी कंपनी आली आणि बँड गुळगुळीत झाला’ हा आक्षेप कालक्रमापुढे टिकत नाही. व्हिटनी ह्यूस्टन आणि आउटकास्ट यांची लोकप्रिय गाणी या बँडने आरसीएकडे जाण्याच्या कितीतरी आधी, संथ आणि उदास करून गायली होती. २०२३च्या जानेवारीत आलेलं ‘द समनिंग’ हे त्यांना घरोघरी पोचवणारं गाणं आठवावं. पाचेक मिनिटं मेटलचा भार वाहून ते अचानक कमरेला झोका देणाऱ्या फंकमध्ये उतरतं. शिवाय त्यांचे आधीचे तीन अल्बम काढणारी स्पाइनफार्म ही कंपनीही युनिव्हर्सल या जागतिक उद्योगसमूहाचाच भाग. तेव्हा गोडवा कंपनीने आणला नाही. तो होताच, कंपनीने त्याला मोठं दार उघडून दिलं.

मग या अल्बममध्ये नवीन काय? ‘कॅरॅमल’ हे गाणं नीट ऐकलं तर ते कळतं. सुरुवातीला खेळण्यातल्या पेटीसारखे नाजूक सूर, त्याखाली रेगेटॉनचा ठेका, म्हणजे कॅरिबियन बेटांतून आणि पनामातून आलेला, जगभरच्या पार्ट्यांत वाजणारा तो ठसकेबाज ताल. आणि या तालावर व्हेसल गातो ते प्रसिद्धीचं गाऱ्हाणं आहे: लोक घरापर्यंत येतात, मुखवट्याआडचा माणूस हुडकतात, आणि तक्रार करावी तर कृतघ्न ठरण्याची भीती. हे नुसतं कल्पनेतलं दुःख नव्हे. बँड मोठा होत गेला तसा वादकांची खरी नावं शोधून चव्हाट्यावर मांडण्याचा काहींनी सपाटा लावला होता. गाण्याच्या शेवटच्या टप्प्यात ठेका मोडतो, जड गिटारी कोसळतात, गळ्यातून किंकाळी फुटते. म्हणजे आधीचा गोडवा हाच गाण्यातला मुखवटा होता. जमावाला नाचवणारी लय चढवून गायक जमावाविषयीच बोलत होता, आणि मेटल आलं तेव्हा तो मुखवटा गळून पडला. हे गाणं पहिल्यापासून मेटलमध्येच असतं, तर गळून पडायला काही उरलंच नसतं. अल्बमचं नावही हेच सांगतं. सतराव्या शतकातल्या निकोला पूसाँ या फ्रेंच चित्रकाराच्या प्रसिद्ध चित्रात आर्केडियाच्या रम्य प्रदेशातले मेंढपाळ एका कबरीवरचा लॅटिन लेख वाचतात. त्या लेखाचा रूढ अर्थ असा: आर्केडियातही मी, मृत्यू, आहेच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हे संगीतप्रकार एकमेकांत मुरलेले नाहीत, नुसते शेजारी मांडले आहेत. आणि मऊ सुरुवात, जड शेवट हा साचा ओळखीचा होतो. यात तथ्य आहे. ‘पास्ट सेल्फ’मधला हिप-हॉपकडे झुकलेला भाग मला उसना वाटतो; तिथे गायकाला सांगायचं काय आहे, हेच पुरेसं कळत नाही. पण जिथे मिश्रण जमतं, तिथे त्याचं श्रेय ‘दोन’ या आकड्याने ओळखल्या जाणाऱ्या ड्रमवादकाला द्यायला हवं. गायक आणि गिटार एका प्रकारातून दुसऱ्यात उडी मारतात, तेव्हा खालची त्याची बारीक, सतत बदलती नक्षी श्रोत्याचा हात सोडत नाही. ‘इमर्जन्स’च्या शेवटी सॅक्सोफोन येतो तो म्हणूनच आगंतुक वाटत नाही. इतका वेळ ताणलेली लय सैलावते आणि त्या मोकळ्या जागेत तो शिरतो.

मुखवटा ही निव्वळ जाहिरात आहे, असंही म्हटलं जातं. जाहिरात त्यात आहेच. अल्बम येण्याआधी चाहत्यांना दोन घराण्यांत वाटून घ्यायला लावणारा इंटरनेटवरचा खेळ बँडने रचला होता, तो कुतूहल पेटवण्यासाठीच. पण जाहिरातीला उपयोगी पडणारी वस्तू खोटीच असते, असं नाही. स्लिपनॉट या मेटल बँडने मुखवटे घातले ते भीती आणि क्रोध वाढवण्यासाठी. त्यांचे चेहरे कालांतराने सर्वांना ठाऊक झाले तरी संगीताचं काही बिघडलं नाही, कारण त्या क्रोधाला आडोशाची गरज नव्हती. व्हेसलच्या गाण्याला ती आहे. तो जे सांगतो ते उघड्या तोंडाने सांगणं कठीण, आणि लपून सांगितलं तर लोक लपणाऱ्यालाच शोधत येतात. हा पेच ‘डॅमोक्लीज’ या गाण्यात, सिंहासनावर बसलेल्याच्या डोक्यावर एका केसाने टांगलेल्या तलवारीच्या जुन्या कथेतून पुन्हा येतो, तेही बरंचसं पियानोच्या हळव्या सुरांवर.

शेवटचं ‘इन्फिनिट बाथ्स’ आठ मिनिटांहून मोठं आहे. बराच वेळ ते पाण्यासारखं संथ वाहतं; थकलेल्या माणसाला अखेर विसावा मिळाला, असं वाटायला लागतं. अल्बम इथे सहज मिटवता आला असता, आणि बाजारालाही ते आवडलं असतं. पण शेवटच्या मिनिटांत गिटारी परततात, साऱ्या अल्बममधल्या सर्वात जड, सर्वात काळ्या. मेंढपाळांसमोरची ती कबर इथे ऐकू येते.