पावसाचा महसूल आणि विजेची तिजोरी

चिंचपाड्याच्या एका वाचकाने विचारले आहे की, हवामानबदलाने अतिवृष्टी वाढत असेल तर धरणे भरभरून वाहतील आणि वीजही वाढेल. मग शास्त्रज्ञांना चिंता कसली? प्रश्न रास्त आहे, आणि उत्तरही त्यांच्या गावापासून फार दूर नाही. नवापूर तालुक्यातून वाहणारी रंगावली ज्या तापीस मिळते, तिच्यावर 1972 साली पूर्ण झालेले उकाई धरण उभे आहे. याच तालुक्यातील काही गावे त्याच्या बुडितात गेली, वीज मात्र गुजरातच्या वाट्यास आली.

जलाशय ही सरकारी तिजोरी समजा, आणि पाऊस हा तिच्यात जमा होणारा महसूल. मृगापासून हस्तापर्यंत तो हप्त्याहप्त्याने येत राहिला, तर खजिनदार त्याची वर्षभराची तजवीज लावू शकतो. परंतु साऱ्या सालाची वसुली दोनचार दिवसांतच दाराशी येऊन थडकली, तर त्याने ती ठेवावी कोठे? उकाईच्या चार टर्बाइनांची एकूण क्षमता 300 मेगावॅट. ती पूर्ण भाराने चालली, तरी त्यांतून ढोबळ हिशेबाने 25 हजार क्युसेकच्या आसपासच पाणी जाते. 2006 च्या ऑगस्टात धरणातून सोडावे लागलेले पाणी मात्र 9 लाख क्युसेकच्या घरात गेले. त्याने सुरत बुडाली, आणि विजेच्या दृष्टीने ते जवळजवळ सारेच वाया गेले. शिवाय पुराने धरणाखालील पाणी चढले, की वरच्या आणि खालच्या पातळ्यांतील ज्या अंतराच्या बळावर चाक फिरते, तेच घटते.

हे हप्ते का मोडतात? हवा एका अंशाने तापली, की तिची बाष्प धरण्याची शक्ती सुमारे 7 टक्क्यांनी वाढते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 साली दाखवून दिले, की मोसमी अभिसरण क्षीण होत असतानाही मध्य भारतातील विस्तृत अतिवृष्टीच्या घटना 1950 ते 2015 या काळात तिपटीने वाढल्या.

म्हणून धरणाच्या अंमलदारापुढील पेच बिकट आहे : पुरासाठी जागा मोकळी ठेवावी आणि पुढे पाऊस रुसला, तर उन्हाळ्यात वीज व सिंचन दोन्ही आटतात. कोळशाची वीजही या पेचातून सुटत नाही. 2013 च्या दुष्काळात परळीचे औष्णिक केंद्र पाण्यावाचून बंद पडले होते. कोणत्या तारखेस जलाशय किती भरू द्यावा, याची कोष्टके जुन्या पर्जन्याच्या दप्तरावरून बांधलेली असतात. पाऊसच आपली जुनी वहिवाट सोडू लागल्यावर त्या दप्तरात रोजची ताजी नोंद पडलीच पाहिजे. डोंगरातील पर्जन्यमापक आणि नदीवरील मोजपट्ट्या ही याच वीजव्यवस्थेची, टर्बाइनाइतकीच मोलाची यंत्रे होत. मात्र त्यांचा इशारा धरणावर पोहोचण्याआधी, 2018 च्या ऑगस्टात रंगावलीचा पूर सोसलेल्या काठावर पोहोचला पाहिजे; कारण ज्या तालुक्याने जमीन दिली, त्याचा या ज्ञानावर पहिला हक्क आहे.