एक इमारत, तीन प्रार्थना

लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनातून बाहेर पडून पूर्वेकडे दहाएक मिनिटे चालले की स्पिटलफील्ड्स ही वस्ती लागते. पर्यटकांना ती ठाऊक असते ती १८८८ सालच्या ‘जॅक द रिपर’च्या खुनांमुळे. संध्याकाळी गाइडच्या मागे त्यांचे घोळके फिरत असतात. मला त्या खुनांत फारसा रस नव्हता. मी गेलो होतो एक इमारत पाहायला.

ब्रिक लेनच्या कोपऱ्यावरची ही विटांची साधी इमारत. भिंतीवर उंच सूर्यघड्याळ आणि त्यावर १७४३ हे साल. फ्रेंच प्रॉटेस्टंटांनी, म्हणजे ह्युगेनॉटांनी, ती चर्च म्हणून बांधली. १८१९ मध्ये ती मेथडिस्ट पंथाकडे गेली. एकोणिसावे शतक संपता संपता रशियन साम्राज्यातून आलेल्या ज्यूंनी तिचे सिनेगॉग केले आणि १९७६ पासून ती मशीद आहे. भिंती त्याच. देव बदलला असे मी म्हणणार नाही, भाविक बदलले.

हे सारे इथेच का आले? एक तर ही जागा जुन्या शहराच्या तटाबाहेरची, त्यामुळे शहरातल्या कारागीर संघांचे नियम इथे तितके जाचक नव्हते. शिवाय घरे स्वस्त आणि गोदी जवळ. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६८५ मध्ये प्रॉटेस्टंटांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतले, तेव्हा सुमारे ५० हजार ह्युगेनॉट इंग्लंडला आले. ‘रेफ्युजी’ हा शब्द इंग्रजीत रुळला तो त्यांच्यामुळे. त्यांतल्या विणकरांनी इथे रेशमाचे माग मांडले. त्यांच्या घरांच्या पोटमाळ्याला लांबच लांब खिडक्या दिसतात, त्या मागावर उजेड पडावा म्हणून.

आता गंमत पाहा. या विणकरांच्या पोटावर पाय आला तो आपल्या कापडामुळे! ईस्ट इंडिया कंपनी सुरतेहून आणि कोरोमंडलच्या किनाऱ्यावरून रंगीत छिटे आणू लागली आणि लंडनच्या बायका त्यांवर भाळल्या. रेशमाला गिऱ्हाईक उरेना. १७१९ मध्ये विणकर रस्त्यावर उतरले आणि छिटाचा झगा घातलेली बाई दिसली की तो अंगावरच फाडू लागले, त्यावर शाई, तेजाब टाकू लागले. अखेर १७२१ मध्ये पार्लमेंटने छापील सुती कापड वापरण्यावरच बंदी घातली. या विणकरांत इंग्रज होते तसे फ्रेंचही. परदेशी माणसे एका पिढीत ‘इथली’ होतात आणि मग परदेशी मालाविरुद्ध ओरडतात, हे मला मोठे मानवी वाटते. पण त्या झगा फाटलेल्या बाईचा यात काय दोष होता?

१८६० मध्ये फ्रेंच रेशमावरची जकात उठली आणि उरलेसुरले मागही बंद पडत गेले. एकेका खोलीत एकेक बिऱ्हाड राहू लागले. १८८१ नंतर झारच्या राज्यातल्या दंगलींतून जीव वाचवून आलेले ज्यू याच खोल्यांत शिरले आणि शिलाई मशीन घेऊन बसले. बेल लेनच्या ज्यू शाळेत एके काळी चार हजारांवर मुले होती. त्यांच्याविरुद्धही ओरड झाली. १९०५ चा परकीयांना रोखणारा कायदा त्यातूनच आला. पुढे मुले शिकली, कुटुंबे उत्तर लंडनकडे सरकली, सिनेगॉग रिकामे झाले.

मग आले सिल्हेटचे बंगाली. त्यांच्यातले पहिले आले ते ब्रिटिश बोटींवरचे खलाशी म्हणून. बांगलादेश झाल्यावर बायकामुलेही आली. धंदा पुन्हा शिलाईचाच, पुष्कळदा ज्यू मालकाच्या कारखान्यात. ४ मे १९७८ रोजी अल्ताब अली हा कापड कामगार घरी जाताना वर्णद्वेषी हल्ल्यात मारला गेला. दहा दिवसांनी हजारो माणसे त्याच्या शवपेटीमागून पंतप्रधानांच्या घरापर्यंत चालत गेली. ज्या बागेजवळ तो पडला, तिला १९९८ मध्ये त्याचे नाव दिले गेले.

आसपासच्या स्टेपनी, बेथनल ग्रीन आणि पॉपलर या भागांत मिळून १९०१ मध्ये जवळजवळ सहा लाख माणसे होती. १९८१ मध्ये दीड लाखही उरली नाहीत. आज त्या साऱ्याला टॉवर हॅमलेट्स म्हणतात. २०२१ च्या जनगणनेत तिथे ३ लाख १० हजार लोक होते आणि त्यांतले साधारण ३५ टक्के बांगलादेशी वंशाचे.

मात्र या वेळचा नवागत गरीब नाही. तो पलीकडच्या बँकांतून पगार घेतो. विणकरांची जी घरे १९७७ मध्ये पाडली जाऊ नयेत म्हणून जुन्या वास्तूंच्या प्रेमिकांनी आत मुक्काम ठोकला होता, ती आज लाखो पौंडांना जातात. २०२१ मध्ये ब्रिक लेनवरच्या जुन्या दारूभट्टीच्या आवारात ऑफिसे आणि दुकाने बांधायला पालिकेने मंजुरी दिली, ती हजारो हरकती डावलून. ह्युगेनॉट गेले, ज्यू गेले, ते बहुतांशी बरे दिवस आले म्हणून. बंगाली कुटुंबांपैकी किती भाड्यापायी निघाली, हे जनगणना सांगत नाही. पूर्वेकडच्या रेडब्रिज आणि बार्किंग-डॅगनम भागांत मात्र आता दहातला एक माणूस बांगलादेशी वंशाचा आहे.

मशिदीजवळच्या एका मिठाईवाल्या चाचांना मी विचारले, ‘घर जवळच का?’ ‘होते, भाईसाब, चाळीस वर्षे,’ ते हिंदीत म्हणाले. आता ते मुलाकडे इलफर्डला राहतात आणि रोज सकाळी गाडी पकडून दुकान उघडायला येतात.