एआयच्या डेटा सेंटरचा धूर, मेम्फिसकरांची लढाई

मोबाईलवर आपण एआयला प्रश्न विचारतो, त्याचं उत्तर डेटा सेंटरमधल्या कॉम्प्युटरवर तयार होतं. त्याला वीज प्रचंड लागते. अमेरिकेत मेम्फिस शहरात इलॉन मस्क यांच्या एक्सएआय कंपनीनं २०२४ मध्ये असं सेंटर उभं केलं. विजेसाठी गॅसवरचे टर्बाईन लावले, तेही हवा प्रदूषणाचा परवाना न घेता. टर्बाईन तात्पुरते आहेत, परवाना लागत नाही, असं सांगण्यात आलं. जवळच्या बॉक्सटाऊन वस्तीला ते पटलं नाही. गॅस जळाला की नायट्रोजन ऑक्साईड निघतो, त्यानं दमा वाढतो. लोकांच्या बाजूच्या वकिलांनी वरून फोटो काढून घेतले, तर टर्बाईन निघाले ३५! लोक सुनावणीत बोलले. जुलै २०२५ मध्ये १५ टर्बाईनला परवाना मिळाला. लोकांनी त्यावरही अपील केलं. धडा एकच, मशीन सुरू व्हायच्या आधी परवाना दाखवा म्हणायचं.