पावलांची परीक्षा

जमिनीवरच्या खुणेवरून माणूस किंवा जनावर ओळखण्याची विद्या आपल्या मुलखाला नवी नाही. चोराचा माग काढणारे रामोशी-जागले पूर्वी गावोगाव असत. माग शिवेपर्यंत नेऊन दिला म्हणजे पुढचा शोध त्या गावाने घ्यायचा, असा रिवाज होता. हडळीची पावले उलटी असतात ही समजूत तरी काय सांगते? माग काढीत निघालेला माणूस नेमका उलट्या दिशेला जावा! ठसा फसवू शकतो, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते.

आज ज्यांच्या पावलांविषयी बोलायचे ते प्राणी मात्र दूरचे आहेत. अमेरिकेतला बिगफूट आणि हिमालयातला यती. ते प्रत्यक्ष कोणाच्या हाती लागले नाहीत. पावले मात्र पुष्कळ सापडतात. ती खरी की बनावट हे ठरवण्याची रीत समजून घेतली तर ती आपल्या बांधावरही उपयोगी पडते, म्हणून हा विषय घेतला आहे.

‘बिगफूट’ हे नाव गाजले ते १९५८ साली. उत्तर कॅलिफोर्नियात ब्लफ क्रीक येथे जंगलात रस्ता बांधण्याचे काम चालू होते. जेरी क्रू नावाच्या बुलडोझर चालवणाऱ्या कामगाराला आपल्या यंत्राभोवती १६ इंच लांबीची, माणसासारखी पावले दिसली. त्याने प्लॅस्टरचा साचा घेतला, ऑक्टोबरमध्ये तेथल्या वर्तमानपत्रात त्याचे छायाचित्र आले आणि बातमी देशभर गेली. त्या कामाचा कंत्राटदार रे वॉलेस. तो २००२ साली वारला, तेव्हा त्याच्या घरच्या माणसांनी लाकडात कोरलेली मोठाली पावले काढून दाखवली आणि ही सारी त्याची थट्टा होती असे सांगितले. चव्वेचाळीस वर्षे टिकलेली थट्टा! सगळे ठसे त्याचेच होते असे मानायला काही मंडळी अजूनही तयार नाहीत. ते असो. आपल्याला पाहायचे आहे ते असे, की लाकडाचे पाऊल कोठे उघडे पडते.

पहिली गोष्ट वजनाची. माणसाचे पाऊल १० इंच लांब व ४ इंच रुंद धरा. ४० चौरस इंच झाले. १६ इंच लांब व ७ इंच रुंद फळीचे ११२ होतात, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट. ६० किलोचा माणूस अशा फळ्या पायाला बांधून चालला, तर तो नेहमीपेक्षा कमी रुतेल. नेहमीइतकेच रुतायचे तर वजन १६५ किलोंच्या आसपास हवे. म्हणून मोठ्या ठशाशेजारी आपले पाऊल दाबून पाहावे. आपले खोल गेले आणि त्या राक्षसाचे उथळ राहिले, तर उलगडा झालाच. मात्र ही परीक्षा माती त्याच स्थितीत असतानाच खरी. आपल्या काळ्या मातीत सकाळी ओल्यात उमटलेला ठसा दुपारी विटेसारखा कडक होतो. मग त्याशेजारी पाय आपटला तरी खूण उठत नाही, आणि पाहणारा म्हणतो, केवढे हे वजन!

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. जिवंत पाऊल वाकते. चिखलात बोटे फाकतात, चढणीला टाच उचलली जाते, उतारावर ती रुतते, पाऊल उचलताना बोटांमागची माती मागे ढकलली जाते. वाटेत दगड आला तर पाऊल त्याला सावरून पडते. लाकूड यातले काही जाणत नाही. त्याचे दहा ठसे एकाच छापाचे निघतात, कडा सरळ उभ्या राहतात. म्हणून जाणकार एका ठशावर निकाल देत नाही. तो चाल पाहतो. एक ठसा बनवणे पोरखेळ आहे. दोनशे पावलांची चाल, चढ-उतार, ओले-कोरडे सांभाळून बनवणे महाकठीण. माग कोठून सुरू झाला, कोठे संपला, शेजारी दुसऱ्या कोणाचे बूट उमटले आहेत का, आणि तो नेमका लोकांच्या नजरेस पडेल अशा मऊ जागीच का आहे, हेही विचारावे. कोणी साच्यावरच्या बारीक रेषा दाखवून ‘ही कातडीची नक्षी’ म्हणतात. पण कोरडी माती ओल्या प्लॅस्टरमधले पाणी शोषते तेव्हाही तशा रेषा उठतात.

इतके झाल्यावर वाटेल, की लबाडी ओळखली म्हणजे काम झाले. यतीची कथा निराळी आहे. १९५१ साली एरिक शिप्टन यांनी मेनलुंग हिमनदीवर बर्फातल्या मोठ्या पावलाचे प्रसिद्ध छायाचित्र घेतले. २०१९ च्या एप्रिलमध्ये आपल्या सैन्याच्या गिर्यारोहक तुकडीला मकालूच्या तळाजवळ ३२ इंच लांब व १५ इंच रुंद खुणा दिसल्या व तशी छायाचित्रे प्रसिद्ध झाली. अशा वेळी कोणी लबाडी केलीच असली पाहिजे असे नाही. ऊन लागले की बर्फातल्या ठशाच्या कडा वितळून तो रुंदावतो. चालताना अस्वलाचा मागचा पाय पुढच्याच्या खुणेवर थोडा मागेपुढे पडला, की दोहोंचे मिळून एक लांबलचक माणसासारखे पाऊल तयार होते. २०१७ साली यतीचे म्हणून जपलेल्या हाडे, केस, कातडी अशा नऊ नमुन्यांची आनुवंशिक तपासणी झाली. आठ अस्वलांचे निघाले, एक कुत्र्याचा. तेव्हा ठसा खरा असूनही त्याचे वाचन खोटे असू शकते, आणि माझ्या मते हीच चूक अधिक घडते.

आता आपल्या तालुक्यात येऊ. नोव्हेंबर २०२० मध्ये आपेगावच्या शिवारात बिबट्याच्या हल्ल्यात बाप आणि मुलगा दोघे गेले. तेव्हापासून पाचोड-पैठणकडे चिखलातल्या पंजाचे एक छायाचित्र भ्रमणध्वनीवर फिरू लागले की रात्री मोसंबीला पाणी द्यायला कोणी जाईनासा होतो. आणि चार वेळा कुत्रेच निघाले की पाचव्या वेळी कोणी ऐकत नाही. यातली दुसरी गोष्ट अधिक घातक.

बिबट्याचा पंजा गोलसर, चार बोटांचा, मोठ्याचा सात ते नऊ सेंटिमीटर रुंद. गादीची मागची कड तीन पाळ्यांची. नखे आत ओढलेली असल्याने सहसा उमटत नाहीत. कुत्र्याचा ठसा लांबट, मधली दोन बोटे बरोबरीने पुढे, नखांचे टोक दिसते. तरसाचीही नखे उमटतात, शिवाय त्याचे पुढचे पाऊल मागच्याहून ठळक मोठे, म्हणून मागात मोठा-लहान फरक दिसतो. रानमांजराचा पंजा बिबट्यासारखाच, पण सुमारे निम्मा. नुसत्या नखांवर मात्र जाऊ नये: निसरड्या चिखलात बिबट्याही नखे रोवतो आणि कडक जमिनीवर कुत्र्याची नखे उमटत नाहीत. गाडीवाटेवरच्या बारीक फुफाट्यात जो ठसा मिळतो तो सर्वांत विश्वासाचा. भिजवलेल्या वाफ्यातला पसरट ठसा मोजून घाबरू नये, आणि निर्धास्तही होऊ नये.

ठसा दिसला तर त्याभोवती गर्दी होऊ देऊ नका. पाहणाऱ्यांच्या चपलाच पुरावा पुसतात. शेजारी दहा रुपयांचे नाणे ठेवा, त्याची रुंदी २७ मिलिमीटर असते. छायाचित्र सरळ वरून घ्या, तिरपे घेतले की पंजाचा आकार बिघडलेला दिसतो. एकाच ठशाचे नको, पाठोपाठच्या पाच-सहांचे घ्या, आणि कोठे व किती वाजता ते लिहून ठेवा. मग त्यातल्या चांगल्या ठशावर घमेले पालथे घालून वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवा. वनरक्षक येईपर्यंत त्या रानात दारे धरायला एकट्याने जाऊ नका, मग ठसा कुत्र्याचा आहे असे कोणी कितीही सांगो.